गाठीला शिक्का, गोणीला नाव नाही

सप्टेंबर 2024 मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने एक इशारा प्रसिद्ध केला. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी मोहरी असलेला कोणताही पदार्थ तूर्त खाऊ नये, असा तो इशारा होता. सँडविच, सॅलड, सॉस, चटण्या असे कितीतरी तयार पदार्थ दुकानांतून परत मागवले गेले. त्यांतल्या मोहरीत शेंगदाण्याचा अंश सापडला होता आणि ती मोहरी भारतातल्या पुरवठादारांकडून गेलेली होती. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, 2014-15 मध्ये, अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत जिऱ्याच्या पुडीवरून असाच गोंधळ झाला होता. अमेरिकेत जिऱ्यात शेंगदाणा निघाला आणि शेकडो पदार्थ बाजारातून उचलावे लागले.

खामगाव-मलकापूरच्या बाजाराचा जुना इतिहास चाळणाऱ्या माणसाला ही बातमी ओळखीची वाटते. दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून अशीच तक्रार आपल्या वऱ्हाडाच्या नावाने येत होती. माल मोहरी नव्हता, कापूस होता. पण तक्रार तीच होती: एकात दुसरे मिसळले आहे, आणि ते कुठे मिसळले याचा पत्ता लागत नाही. त्या तक्रारीतून कायदे झाले, नोंदवह्या आल्या, प्रत्येक गाठीवर शिक्का आला. अन्नाच्या बाबतीत मात्र तसे काही व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि आपल्या जिल्ह्याच्या खळ्यापर्यंत व चक्कीपर्यंत ते अजून पोचलेले नाही. हे असे का झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

भेसळ आणि मिसळ

आधी दोन शब्दांतला फरक स्पष्ट करू. भेसळ ही हेतूने केलेली असते. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ, बेसनात वाटाण्याचे पीठ, तिखटात रंग. त्यात कुणाचा तरी फायदा असतो, म्हणून गुन्हाही असतो. मिसळीत हेतू नसतो. सोयाबीन काढलेल्या हडंब्यात साफसफाई न करता हरभरा घातला, सोयाबीनचे चार दाणे हरभऱ्यात गेले. यात कुणी कुणाला फसवलेले नाही. व्यापारी त्याला ‘काडीकचरा’ या सदरात टाकतो, भावात पाच-दहा रुपये कापतो आणि विषय संपतो.

सर्वसाधारण माणसाच्या पोटाच्या दृष्टीनेही विषय संपतोच. काही माणसांच्या बाबतीत मात्र तो तिथेच सुरू होतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने घडवला. शरीराची संरक्षक यंत्रणा निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते, असा त्याचा ढोबळ अर्थ. शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन यांच्या थोड्याशा अंशानेही काही जणांच्या अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, आणि कधी श्वास बंद पडून जीव जातो. भाजल्याने शेंगदाण्याचा हा गुण जात नाही.

गव्हाच्या बाबतीत आणखी एक आजार आहे, सीलिॲक. तो शास्त्रीय अर्थाने ॲलर्जी नव्हे, पण पथ्य तितकेच कडक. डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी गव्हाशी असलेला त्याचा संबंध दाखवून दिला. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुले उपाशी देशात चक्क सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा यासंबंधीचा प्रबंध 1950 चा आहे. आज ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवून घ्यायचे तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, ही मर्यादा जगभर आणि आपल्याकडेही मानली जाते. तिचा हिशेब आपल्या मापात करून पाहू. एका क्विंटल ज्वारीच्या पिठात दोन ग्रॅम ग्लुटेन. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरले, तर क्विंटलमागे वीस ग्रॅम गव्हाचे पीठ. म्हणजे पुरती मूठही भरत नाही. चक्कीच्या दोन दगडांच्या मध्ये आणि खालच्या कापडी पिशवीच्या शिवणीत याहून जास्त पीठ अडकलेले असते.

भेसळीचा कायदा फसवणाऱ्याला शोधतो. इथे फसवणारा कुणीच नाही. म्हणून मिसळ रोखायला कायद्याइतकीच शिस्त लागते: वेगळे ठेवणे, आधी काय आणि नंतर काय हे ठरवणे, मध्ये साफ करणे, आणि कोणता माल कुठून आला हे लिहून ठेवणे. ही शिस्त आपल्या भागात नवी नाही.

वऱ्हाडचा कापूस आणि लिव्हरपूलची तक्रार

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. आपल्याकडचा कापूस तिथे ‘सुरत’ या नावाने ओळखला जाई, आणि त्या नावाला चांगला वास नव्हता. त्यात पाला, सरकी, माती निघे. वजन वाढवायला पाणी मारलेले असे. लांब धाग्यात आखूड धागा मिसळलेला असे. देवा, आम्हांला कापूस दे पण सुरतचा नको, अशी प्रार्थना तिकडचे कामगार करीत, हा किस्सा त्या काळाच्या इतिहासांत हमखास सापडतो.

मुंबई इलाख्यात कापसाच्या भेसळीविरुद्ध 1829 मध्येच एक नियम झाला होता. 1863 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला. अन्नातल्या भेसळीसाठी देशभर लागू होणारा कायदा 1954 चा. आपल्या देशात माणसाच्या पोटाआधी यंत्राच्या चातीची काळजी कायद्याने घेतली, हे या तारखाच सांगतात.

1870 मध्ये जलंब-खामगाव हा आठ मैलांचा रेल्वेफाटा सुरू झाला. आठ मैलांच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, यावरून खामगावच्या कापूसबाजाराचे त्या वेळचे वजन लक्षात यावे. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले ते 1905 मध्ये.) त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा कापूस-आयुक्त नेमलेला होता. त्याच्यासमोरचा पेच आजच्या वाचकालाही कळेल. ‘बनी’ जातीचा धागा लांब, पण उतारा कमी. ‘जरी’ जातीचा धागा आखूड, पण पीक भरपूर आणि रुईचा उताराही जास्त. शेतकऱ्याला जरी परवडे, गिरणीला बनी हवी असे. मग दोन्ही एकत्र होत, आणि भाव मात्र बनीचा मागितला जाई.

यात नुसता लबाडीचा भाग नव्हता, हे हळूहळू ध्यानात आले. एकाच जिनात आज एका जातीचा कापूस, उद्या दुसऱ्या जातीचा. जमिनीवर पडलेली सरकी एकत्र झाडली जाई आणि तीच पुढच्या साली पेरणीला जाई. म्हणजे जिनात झालेली मिसळ शेतात उगवे आणि दुप्पट होऊन परत जिनात येई. हे चक्र तोडायचे तर व्यापाऱ्याला दंड करून भागणार नव्हते, मालाची वाटच बांधावी लागणार होती.

ती बांधली गेली. 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांच्या कायद्यांत तो अगदी पहिला मानला जातो. 1921 मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. 1923 च्या कापूस वाहतूक कायद्याने चांगल्या कापसाचा एखादा प्रदेश ‘संरक्षित’ ठरवून बाहेरचा हलका कापूस तिथे आणण्यावर बंधन घालता येऊ लागले. आणि 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक प्रेसला स्वतःचा शिक्का दिला. प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर तो शिक्का आणि अनुक्रमांक हवा, आणि वहीत तिची नोंद हवी. मुंबईच्या किंवा मँचेस्टरच्या गिरणीत गाठ फोडल्यावर आत गडबड निघाली, तर शिक्का वाचून थेट खामगावच्या किंवा मलकापूरच्या प्रेसच्या दारापर्यंत येता येत असे.

आजच्या भाषेत याला ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणतात आणि त्यावर शहरांत कार्यशाळा होतात. आपल्या आजोबांच्या वेळच्या प्रेसमधल्या मुनिमाला ती येत होती.

धान्याच्या वाट्याला काय आले

1897 च्या कायद्याच्या नावात ‘धान्य’ हा शब्द आहे. पण त्या कायद्याचा जीव वजनमाप, दलाली आणि बाजाराच्या शिस्तीत होता. शेतकऱ्याची काट्यावर लूट होऊ नये ही त्याची काळजी होती, आणि ती रास्तच होती. खाणाऱ्याचा विचार त्यात नव्हता. 1954 चा कायदा खाणाऱ्यासाठी आला, पण तो भेसळीचा. 2006 मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला. वेष्टनावरच्या मजकुराचे नवे नियम 2020 मध्ये निघाले. त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख पुड्यावर ठळकपणे करणे आवश्यक ठरले. पदार्थात घटक म्हणून घातलेले नसेल पण कारखान्यात संपर्काने येण्याची शक्यता असेल, तर ‘असू शकतो’ असे छापायचे. त्याच वर्षी जागतिक पातळीवर कोडेक्स आयोगानेही ॲलर्जीकारक पदार्थांच्या व्यवस्थापनाची संहिता प्रसिद्ध केली.

1925 ते 2020. गाठीच्या शिक्क्यापासून पुड्यावरच्या या ओळीपर्यंत पंचाण्णव वर्षे गेली.

आणि ही ओळ पुड्यावरच आहे. सुट्या पिठाला, डाळीला, गोणीला ती नाही. यादीही आपल्या स्वयंपाकघरात बसून केलेली वाटत नाही. तीळ तिच्यात नाही, मोहरी नाही, हरभरा नाही. युरोपच्या यादीत तीळ आणि मोहरी केव्हाच आहेत. अमेरिकेने 2021 मध्ये कायदा करून तीळ आपल्या यादीत घेतला. संक्रांतीला घरोघर तीळ वाटणारे आपण मात्र अजून थांबलो आहोत.

खळ्यापासून चक्कीपर्यंत

आता आपल्या जिल्ह्यातल्या धान्याची वाट पायी चालून पाहू. गेली काही वर्षे चिखली, मेहकर, खामगाव या बाजूंच्या मापाड्यांशी, हमालांशी, चक्कीवाल्यांशी बोलताना मी ती टप्प्याटप्प्याने लिहून काढली आहे.

पहिला टप्पा शेत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीनने ज्वारीची आणि कित्येक ठिकाणी पऱ्हाटीचीही जागा घेतली. सोयाबीनमध्ये तूर हे आंतरपीक ठरलेले. एकाच वावरात, एकाच धुऱ्याच्या आत दोन पिके, आणि त्यांतले एक ॲलर्जीच्या यादीतले. दुसरा टप्पा मळणी. हडंबा गावोगाव भाड्याने फिरतो. दिवाळीच्या आसपास सोयाबीन, मग तूर, मग हरभरा, मग गहू. चाळणी बदलतात, पोटातले दाणे आणि कुटार तसेच राहते. तिसरा टप्पा बारदाना. गेल्या हंगामात सोयाबीन भरलेले पोते उलटे झटकून यंदा त्यात ज्वारी भरतात. नवे पोते घेणे शेतकऱ्याला परवडत नाही, आणि तागाच्या विणीत अडकलेली धूळ झटकून जात नाही. चौथा टप्पा अडत. तिथे ढीग शेजारी-शेजारी लागतात, खालचा ओटा एक, झाडू एक. संध्याकाळी झाडलेला माल ज्या ढिगाला जवळ असेल त्याला मिळतो. पाचवा टप्पा गोदाम आणि डाळमिल, सहावा किराणा दुकान, सातवा चक्की.

सात टप्पे, आणि वाटेत कुठेही शिक्का नाही, वही नाही. वह्या आहेत त्या पैशाच्या. कुणाचे किती क्विंटल, कोणत्या भावाने, हे बिनचूक सापडते. या यंत्रात याआधी काय होते, हे कुठेच लिहिलेले नसते.

माझ्या बहिणीच्या नातीला सीलिॲक आहे. निदान झाल्यावर घरातला गहू बंद झाला, ज्वारीची भाकरी सुरू झाली, तरी पोरगी सुधारेना. वजन वाढत नव्हते, पोट फुगलेलेच. घरातल्या बायांनी लपून काही देता का, अशी शंका आईवर घेऊन झाली. शेवटी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी प्रश्न विचारला, ‘ज्वारी कुठे दळता?’ गावातल्या एकमेव चक्कीवर, अर्थात. तिथे दिवसभर गहूच दळला जातो. मग एक लहान घरगुती चक्की विकत घेतली, ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून तीवर दळायला सुरुवात केली, आणि काही महिन्यांत मुलीने अंग धरले. चक्कीवाला भला माणूस आहे. त्याला हे कुणी सांगितलेलेच नव्हते.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी-बाजरी ‘ग्लुटेनमुक्त’ असल्याचा पुष्कळ प्रचार झाला. ज्वारी कणसात असेपर्यंत ते खरेच आहे. खळे, पोते आणि चक्की यांतून गेल्यावरही ते खरे राहील अशी व्यवस्था मात्र त्या प्रचारात कुठे दिसली नाही.

उपवासाचे दळण

आपल्याकडे वेगळे ठेवण्याची रीतच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या आधी चक्कीवर जाऊन पाहा. राजगिरा, शिंगाडा, भगर यांचे दळण सकाळी सर्वांत आधी घेतात. त्याआधी दगड झाडतात, पिशवी झटकतात, कुठे कुठे बदलतातही. मग मूठ-दोन मुठी भगर टाकून ते पीठ बाजूला काढतात आणि त्यानंतर खरे दळण घालतात. मोठ्या गावांत उपवासाची चक्कीच वेगळी असते. कारखान्यांच्या संहितेत आज जे सांगितले आहे, म्हणजे ॲलर्जीचा पदार्थ शेवटी घ्यावा, मध्ये यंत्र साफ करावे, पहिला माल टाकून द्यावा, जमल्यास यंत्रच वेगळे ठेवावे, ते सगळे या रीतीत आहे. उणीव एवढीच की उपवासाला शेंगदाणा चालतो. म्हणून हे पीठ गव्हापासून दूर राहते, पण शेंगदाण्याच्या कुटाशेजारी बसते. रीत धर्माच्या हिशेबाने बांधलेली आहे, शरीराच्या नव्हे.

इथे सोवळ्याचे गोडवे गाण्याचा मोह काहींना होईल. माझा तसा हेतू नाही. ज्या सोवळ्याने भांडी वेगळी ठेवली, त्याच सोवळ्याने माणसेही वेगळी ठेवली, पाणवठेही तोडले. सत्यशोधक चळवळीची परंपरा असलेल्या वऱ्हाडात हे वेगळे सांगायला नको. दाण्यापासून दाणा वेगळा ठेवण्यामागे तपासता येणारे कारण असते. माणसापासून माणूस वेगळा ठेवण्यामागे ते कधीच नव्हते. आपल्याला रीतीतले कसब घ्यायचे आहे, तिचे गर्वगीत नको.

शेगावचा धडा

डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आठवडाभरात टक्कल. आधी पाण्यावर संशय गेला, मग शाम्पूवर, साबणावर. आयसीएमआरचे पथक येऊन गेले. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी केलेल्या तपासणीत बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले, आणि त्यांनी बोट ठेवले ते रेशनवर आलेल्या परप्रांतातल्या गव्हावर. हा ॲलर्जीचा प्रकार नव्हे. पण प्रश्न त्याच जातीचा आहे. ताटातली पोळी ज्या गव्हाची, तो गहू कोणत्या मातीतला, हे खाणाऱ्याला माहीत नव्हते. विहिरीचे पाणी आपले, म्हणून पहिला संशय विहिरीवर गेला. गव्हाला गाव नव्हते, म्हणून त्याच्यावर तो उशिरा गेला.

ज्याला लिव्हरपूल नाही

या सगळ्या तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. मिसळीविरुद्ध शिस्त उभी राहिली ती प्रत्येक वेळी खरेदीदार बलवान होता तिथे. लिव्हरपूलचा व्यापारी भाव पाडू शकत होता, म्हणून गाठीला शिक्का आला. लंडनची संस्था मोहरीचा माल परत पाठवू शकते, म्हणून निर्यातीच्या मोहरीची तपासणी आता होईल, वेगळे गोदाम आणि नवे बारदानेही मिळतील. त्याच बाजारातून गावच्या दुकानात गेलेल्या मोहरीचे तसे होईलच असे नाही. मेहकर तालुक्यातल्या एका मुलीच्या पोटामागे कोणतेही लिव्हरपूल उभे नाही.

म्हणून हे काम खालून करावे लागेल, आणि ते फार खर्चाचे नाही. गावातल्या चक्कीने आठवड्यातला एक दिवस गव्हाशिवायच्या दळणासाठी ठेवावा. उपवासाच्या दळणाची रीत त्या दिवशी जशीच्या तशी लावावी. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ज्वारी आणि भगरीसाठी वेगळ्या रंगाचे बारदाने वापरावे आणि ते दुसऱ्या मालाला देऊ नये. बाजार समितीच्या ओट्यावर सोयाबीनची आणि भुईमुगाची जागा ठरलेली असावी, तिथला झाडू तिथेच राहावा. आशाताई घरोघर फिरतात तेव्हा वाढ खुंटलेल्या मुलाच्या आईला ‘काय खाऊ घालता’ या प्रश्नासोबत ‘कुठे दळता’ हाही प्रश्न त्यांनी विचारावा.

आणि वही. 1925 च्या कायद्याने प्रेसच्या मुनिमाकडून मागितले ते फार नव्हते: कोणत्या दिवशी, कुणाचा माल, कितव्या क्रमांकाची गाठ. चक्कीच्या भिंतीवर एक पाटी टांगली आणि तीवर दिवस, आत्ता काय दळले आणि त्याआधी काय दळले होते, एवढे तीन रकाने खडूने भरले, तरी डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आईला थांबायचे की परत जायचे, हे ठरवता येईल.